आमसुलांचा डबा, सन २०५०

"हेमा, पन्नास वर्षांनी लोक माझं नाव घेतील!" चिंतामणी ठाकूरदेसायांनी चहाची बशी खाली ठेवत जाहीर केलं.

"आत्ताही घेतातच की," हेमावहिनी म्हणाल्या. "कालच दूधवाला घेत होता. त्याची सायकल गटारात घातलीत ना, तेव्हा."

चिंतूभाऊंनी तिकडे लक्ष दिलं नाही. माणूस मनानं लाख! पण डोक्यात एकदा कल्पना शिरली की मच्छरदाणीत डास शिरल्यासारखं व्हायचं. स्वतः झोपायचे नाहीत नि घरच्यांनाही झोपू द्यायचे नाहीत. अशाच एका कल्पनेपायी ते बँकेतून मुदतीआधी निवृत्त झाले आणि भाट्याचा पूल ओलांडून वर सड्यावर त्यांनी 'चिंतामणी आनंदनगरी' काढली. त्या कातळावर गवतसुद्धा दहादा विचार करून उगवतं, तिथं यांनी थेट आनंद लावला! एक आकाशपाळणा (कुठल्याशा जत्रेतून तोही मुदतीआधीच निवृत्त झालेला), एक पोरांची आगगाडी, एक घसरगुंडी आणि दाराशी सिमेंटचा भलाथोरला हापूस. रंगाऱ्यानं तो असा काही हिरवा रंगवला होता, की येणारा प्रत्येक जण विचारायचा, "पोपट का बसवलात?"

ही गोष्ट एकोणीसशे नव्याण्णव सालची. सहस्रक बदलणार म्हणून सगळं जग तेव्हा उतावीळ झालं होतं, आणि चिंतूभाऊ जगाच्या दोन पावलं पुढे. त्यांनी पेपरात वाचलं, की परदेशातल्या आनंदनगऱ्यांमध्ये म्हणे कालकुपी पुरतात. आजच्या वस्तू एका पेटीत घालायच्या, पेटी जमिनीत गाडायची आणि पन्नास वर्षांनी समारंभपूर्वक उघडायची. वर दगडावर मालकाचं नाव! ही शेवटची ओळ पेपरात नव्हती, ती भाऊंनी पदरची घातली.

"म्हणजे डबा पुरायचा," वहिनी म्हणाल्या.

"डबा काय! कालकुपी!"

"झाकण असतं ना तिला? मग डबाच. आणि हे बघा, स्वानंदीचं लग्न माघात येऊन ठेपलंय. आधी मांडवाचं बघा."

"लग्नं काय, दरवर्षी होतात! सहस्रक एकदाच बदलतं!"

"आपल्या स्वानंदीचं होणार आहे का दरवर्षी?"

वाद अंगाशी आला की भाऊ चप्पल घालून आनंदनगरीकडे निघायचे, तसे निघाले.

दाराशी पाटी लागली, 'कालकुपीसाठी आपली जुनी वस्तू द्या.' आता, रत्नागिरीचा माणूस तसा सहजासहजी काही देत नाही. कैरी मागितली तर 'झाडावर आहे' म्हणतो. पण 'जुनी वस्तू द्या' म्हटल्याबरोबर सगळ्या गावाला दातृत्वाचा उमाळा आला! चार दिवसांत बंद रेडिओ आले, कान तुटलेल्या किटल्या आल्या, पाय मोडलेले पाट आले. शेजारच्या विमलाकाकूंनी जावयाचा फोटो आणून दिला. "नीट खोल पुरा हो," म्हणाल्या. "पन्नास वर्षं तरी वर येता नये."

कुपी म्हणून एक निळं प्लॅस्टिकचं पिंप मिरकरवाड्याच्या सोनूबाईंनी दिलं. बाई मासळीच्या लिलावात पहिला आवाज काढणाऱ्या. भाऊंचा कामगार बाबू याने पिंप चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, तरी बांगड्याचा वास काही हटेना.

"राहू दे," भाऊ म्हणाले. "आपल्या काळाचा वासही जाऊ दे पुढच्या पिढीला!"

पिंप भरत आलं, तरी भाऊंच्या जिवाला चैन नाही. सगळं झालं, पण कोकणचा मेवा कुठाय? डिसेंबरात हापूस आणायचा कुठून? वहिनी त्या दिवशी लग्नाचं पहिलं आमंत्रण करायला संगमेश्वरला भावाकडे गेल्या होत्या. भाऊ स्वयंपाकघरात शिरले. इकडे शोध, तिकडे शोध, आणि वरच्या फळीवर अगदी मागे, भिंतीला टेकून, एक गंजका पत्र्याचा डबा सापडला. उघडला तर गच्च आमसुलं! काळीभोर, मीठ फुललेली, मुरलेली.

"वा! दोन हजार पन्नास सालच्या माणसाला सोलकढी कळलीच पाहिजे!" असं म्हणून भाऊंनी डबा उचलला. घरातली वस्तू नेताना बायकोला विचारावं, एवढी साधी गोष्ट! पण इतिहास घडवणारा माणूस फळीवरचा डबा विचारून नेत नाही.

एकतीस डिसेंबरला सकाळी सड्यावर ही गर्दी! खड्डा तयार होता, पिंपाचं झाकण डांबरानं बंद केलं होतं. आता कोकणात जमिनीच्या पोटात काही ठेवायचं तर आधी जागेच्या राखणदाराला नारळ द्यावा लागतो, गाऱ्हाणं घालावं लागतं. ही रीतच आहे. त्यासाठी दादू गुरव आले होते. अंगानं काटकुळे, पण आवाज असा की पुलापलीकडे ऐकू जावा.

"भाऊ," दादूंनी हळूच विचारलं, "गाराणं कितपत कडक घालू?"

"म्हणजे?"

"साधं हाय, मधलं हाय, न् येक हाय ते मी अजून कोनासाठी घातलेलं नाय."

भाऊंच्या डोळ्यांपुढे कालकुपी उकरणारी शाळकरी पोरं आली. "तेच घाला! चांगलं जळजळीत!"

दादूंनी नारळ वाढवला आणि डोळे मिटले. "बा म्हाराजा! जागेच्या राखणदारा! आज तुज्या ह्या लेकरान् तुज्या पोटात कायतरी ठेवलान् हाय. त्याची राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गर्दी एकमुखानं म्हणाली.

"पन्नास वर्सांच्या आत जो कोन ह्याला हात लावील, त्याला तू सोडू नुको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दादूंनी एक डोळा उघडला. "आनि मालकान् लावलान् तर?"

भाऊंनी गर्दीकडे पाहिलं. गर्दी भाऊंकडे बघत होती. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघतं, ते विचार करून निघत नाही. "मालकानं लावला तरी सोडू नये!" भाऊ कडाडले.

"व्हय म्हाराजा!!" या खेपेला आवाज सगळ्यात मोठा आला.

खड्डा बुजला. वर जांभ्याचा चिरा बसला, त्यावर भाऊंच्या नावाची पाटी, पाटीवर हळदकुंकू आणि फुलं. टाळ्या झाल्या, पेढे वाटले, भाऊ कृतार्थ झाले.

दुसऱ्या दिवशी वहिनी संगमेश्वराहून परतल्या. पाय धुतले, चहा घेतला आणि स्वयंपाकघरात गेल्या. आधी भांड्यांचा आवाज आला. मग सगळाच आवाज थांबला.

"अहो, वरच्या फळीवरचा आमसुलांचा डबा कुठाय?"

"इतिहासात जमा!" भाऊ पेपरातून डोकं वर न काढता ऐटीत म्हणाले.

वहिनी दाराच्या चौकटीला धरून खालीच बसल्या. स्वानंदी धावत आली. "आई, काय झालं?"

"त्यात ठुशी होती," वहिनी म्हणाल्या. "सासूबाईंची. आमसुलांच्या खाली, फडक्यात बांधून ठेवलेली."

भाऊंचा पेपर हळूहळू खाली आला. "सोनं? आमसुलांत?"

"मग कुठं ठेवू? तांदळात? तांदळात चोर पहिल्यांदा हात घालतो! आमसुलांच्या डब्याला कोण हात लावणार, म्हटलं! चोर नाही लावणार हे ठाऊक होतं हो मला, पण घरात तुम्ही आहात हे विसरले!"

भाऊंना आई आठवली. शेवटच्या दुखण्यात तिनं स्वतःच्या हातानं गळ्यातली ठुशी काढून हेमाच्या ओंजळीत ठेवली होती. 'स्वानंदी बोहल्यावर चढेल तेव्हा तिच्या गळ्यात घाल गो. मी नसेन, ही असेल.' भाऊ तेव्हा तिथंच उभे होते. आईची एवढी एकच गोष्ट, आणि ती आपण बांगड्याच्या पिंपात घालून पुरली!

"आत्ता काढतो," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता काढतो. त्यात काय!"

त्यात काय होतं ते सड्यावर गेल्यावर कळलं. बाबूनं कुदळ हातात घेतली, कशासाठी ते ऐकलं आणि परत भिंतीला टेकवून ठेवली.

"भाऊ, मला दोनच हात हायत. दोन्ही लागतात."

"अरे, मी सांगतोय ना! मी मालक!"

"मालकाला पन सोडनार नाय, असं तुमीच बोल्लात. मी 'व्हय' म्हटलंय वर!"

बाकीचे कामगार तोवर दिसेनासेच झाले होते. गावाबाहेरून दोन माणसं आणली, तर त्यांनी खालच्या टपरीवर चहा घेतला, तिथं काय ते ऐकलं आणि तशीच परत फिरली. शेवटी भाऊंनी धोतर खोचावं तसा पायजमा खोचला. "अंधश्रद्धा आहे सगळी!" असं मोठ्यानं म्हणून कुदळ उचलली, डोक्यावर नेली, आणि कमरेत अशी काही उसण भरली की कुदळ वरच्या वर राहिली, भाऊ खालच्या खाली!

वास्तविक, ज्या माणसानं सबंध जन्मात पेनापेक्षा जड काही उचललं नाही, त्यानं कुदळ उचलली तर उसण भरायचीच. पण हे ऐकतो कोण! तासाभरात सगळ्या रत्नागिरीत झालं, 'राखणदारानं ठाकूरदेसायांना आडवं पाडलं!' संध्याकाळी तीच बातमी बाजारपेठेतून परत फिरली तेव्हा राखणदारानं भाऊंना उचलून आकाशपाळण्यात ठेवलं होतं.

आणि मग लोक यायला लागले! एवढा जागृत देव, आणि इतका जवळ! सोनूबाईंच्या मुलाचं समुद्रात हरवलेलं जाळं दुसऱ्या होडीवाल्याला सापडलं, तर बाई हार, नारळ आणि अख्खा मिरकरवाडा घेऊन हजर. कोणाचा नवस परीक्षेचा, कोणाचा बदलीचा. विमलाकाकूंचा काय होता ते त्यांनी सांगितलं नाही, पण जावई त्या दिवशी दिवसभर शिंकत होता म्हणे. आकाशपाळणा रिकामा, आगगाडी रिकामी, आणि चिऱ्यापुढे रांग! भाऊंच्या नावाची पाटी शेंदराखाली कधी गेली ते कोणाला कळलंही नाही.

भाऊ घरी कमरेला शेक घेत पडले होते. वहिनी त्यांच्याशी थेट बोलत नव्हत्या. "स्वानंदी, तुझ्या बाबांना विचार, पिशवी गार झाली का." तीन हातांवर नवरा पडलेला, तरी निरोप मुलीच्या हस्ते!

"स्वानंदी, तुझ्या आईला सांग, मी नवी ठुशी करून देतो."

"बाबांना सांग, नवी करता येईल. आजीची कशी करता येईल?"

स्वानंदी बिचारी मधे बसून म्हणत होती, "मला ठुशी नको, पण तुम्ही दोघं बोला!" आणि तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं. तिला ठुशी हवी होती. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून तिचेच मणी तर ती मोजायची.

शेवटी भाऊंनी दादूंना बोलावलं. दादू म्हणाले, "दिलेला शबूद हाय, भाऊ. मोडायचा तर त्यालाच इचारायला होवा. कौल लावूया."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर पन्नास वर्सं थांबायचं."

"मी तेव्हा एकशे तीन वर्षांचा असेन!"

"मंग तब्येत जपा," दादू म्हणाले.

कौलाच्या दिवशी सड्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. कौल म्हणजे साधी गोष्ट. चिऱ्याच्या दोन्ही अंगांना फुलाची एकेक ओली कळी चिकटवायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भाऊ एका हातानं कंबर धरून, दुसऱ्यानं बाबूला धरून उभे होते. दादूंनी कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं.

डावी पडली.

"वाऱ्यानं पडली!" भाऊ ओरडले.

"वारा कोनाचा, भाऊ?" दादूंनी शांतपणे विचारलं.

पुन्हा लावल्या. पुन्हा डावी! लोक माना डोलवायला लागले. कोणीतरी हळूच म्हणालं, "पोरीच्या लग्नात इघ्न दिसतंय." ते वाक्य स्वानंदीनं ऐकलं, आणि तिनं मान खाली घातली ती वर केली नाही.

तेव्हा वहिनी पुढे झाल्या. त्यांनी पदर खोचला.

"दादू, सरा बाजूला. कळ्या मी लावते."

"पन वहिनी, बाईमाणूस..."

"डबा कोणाचा?"

दादू सरले. वहिनींनी कळ्या हातात घेतल्या, पाठमोऱ्या वाकून चिऱ्याला लावल्या, आणि दोन पावलं मागे येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. हात जोडायच्याऐवजी कमरेवर! दादूंनी डोळे मिटून घेतले.

"हे बघ बाळा," वहिनी चिऱ्याला म्हणाल्या, "हा दगड मांडून तुला इथं बसवला तो माझ्या नवऱ्यानं. म्हणजे नात्यानं मी तुझी आई झाले. खरं की नाही?"

"व्हय म्हाराजा!" सोनूबाईंनी लिलावातला आवाज काढला.

"तुझ्या पोटात जे आहे ते तुझ्या आजीचं. ती तुझ्या बहिणीसाठी ठेवून गेली. मला म्हणाली, मी नसेन, ही असेल." वहिनींचा आवाज इथं थोडा हलला. त्यांनी तो परत सरळ केला. "बहिणीचं लग्न तोंडावर, आणि भाऊ तिची ठुशी धरून बसलाय! शोभतं का रे तुला? राखण करायला सांगितलं ते चोरापासून! आईपासून कोणी राखतं का? तुझे वडील बोलले ते बोलले. ते असंच बोलतात. मी सत्तावीस वर्षं ऐकत आलेय. आपण दोघांनी ते मनावर घ्यायचं नसतं!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळ्या बायका म्हणाल्या. फार मनापासून म्हणाल्या.

भाऊ श्वास धरून उजव्या कळीकडे बघत होते. त्यांनी आजवर देवाला कधी काही मागितलं नव्हतं. आता ते मनातल्या मनात नुसतं 'आई, आई' म्हणत होते. त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं, की हाक कोणाला मारतोय.

उजवी कळी हलली. सरकली. पडली!

मग जो गलका झाला! बाबूनं भाऊंना सोडून आधी कुदळ धरली, त्यामुळे भाऊ खाली बसले ते बसलेच. माती निघाली, पिंप निघालं, झाकण उघडलं आणि बांगड्याच्या वासानं पहिली रांग चार पावलं मागे हटली. वहिनी हटल्या नाहीत. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, किटल्या बाजूला केल्या, डबा काढला. आमसुलांच्या खालून फडक्याची पुरचुंडी निघाली. ती त्यांनी सोडली, ठुशी तळहातावर घेतली, आणि एवढी खंबीर बाई, पण भर सड्यावर ढसाढसा रडली. स्वानंदी येऊन तिच्या गळ्यात पडली. भाऊ बसल्या जागेवरून डोळे पुसत म्हणाले, "स्वानंदी, तुझ्या आईला सांग, चुकलं माझं."

"ऐकलं," वहिनी थेट त्यांच्याकडे बघून म्हणाल्या.

आमसुलं त्यांनी राखणदारालाच ठेवली. "खाऊ दे लेकराला," म्हणाल्या. पिंप परत पुरण्याआधी विमलाकाकूंनी जावयाचा फोटो आत आहे याची स्वतः वाकून खात्री करून घेतली.

घरी आल्यावर भाऊंनी विचारलंच. "हेमा, खरं सांग. तू कळ्या लावल्यास, आणि नेमकी उजवीच कशी पडली?"

"डावीखाली भाताचं शीत लावलं होतं."

"म्हणजे फसवलंस! देवाला!"

"फसवलं कसलं? त्याला नाहीच म्हणायचं असतं, तर शिताला भिणार होता होय तो? शितासकट पाडली असती! त्याच्या मनात होतंच द्यायचं. वडिलांच्या शब्दाखातर अडला होता बिचारा."

लग्न झक्क झालं. ठुशी स्वानंदीच्या गळ्यात अशी शोभली, की आजी असती तर तिनं बोटं मोडून दृष्ट काढली असती. विहीणबाईंनी तेवढं एकदा विचारलं म्हणे, की मुलीच्या जवळ गेलं की सोलकढी प्यावीशी का वाटते.

पुढे आनंदनगरी काही फार चालली नाही. आकाशपाळणा गंजला, आगगाडी एका शाळेनं नेली. चिरा मात्र जोरात! त्याच्यावर पत्र्याची शेड आली, पुढे फरशी आली, वर्षातून एकदा राखणीचा नारळ व्हायला लागला. त्या दिवशी लांबून लांबून बायका येतात. आधी चिऱ्याला नमस्कार करतात, मग वहिनींना.

पाचसहा वर्षांनंतरची गोष्ट. भाऊंची स्कूटर बिघडली, म्हणून ते एसटीनं सड्याकडे निघाले. गाडीत ही गर्दी! एका हातानं दांडी, दुसऱ्या हातानं कंबर, असे ते कसेबसे उभे होते. कंडक्टर आला.

"चिंतामणी आनंदनगरी, एक," भाऊ रुबाबात म्हणाले.

"हे कुठं आलं?" कंडक्टरनं विचारलं. "ह्या लायनीला नाही असा स्टॉप."

"नाही कसा! भाट्याच्या पुढं, सड्यावर! तो सिमेंटचा हापूस..."

"पोपट हो? मग सरळ 'वहिनींचा चिरा' म्हणा की! मी म्हटलं, नवीन कुठलं गाव निघालं." त्यानं तिकीट फाडलं आणि भाऊंना जरा निरखून पाहिलं. "तुम्ही तिथलेच का?"

भाऊंनी आजूबाजूला बघितलं. मग पुढे वाकून हळूच म्हणाले, "मी वहिनींचा नवरा."

कंडक्टर एकदम सावध झाला. पुढच्या बाकावरच्या धट्ट्याकट्ट्या गड्याच्या खांद्यावर त्यानं थाप मारली. "ए, ऊठ रे! दिसत नाही? वहिनींचे मिस्टर उभे आहेत!"

गडी उठला. चिंतूभाऊ बसले.